कर्करोगाविषयीची जाण मोजावयाची कशी?

पैठणच्या नाथसागरात पाणी किती साठले, हे पावसाळ्याच्या दिवसांत मराठवाड्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. खरिपाचे पीक किती आले हे ठरविण्यासाठी निवडक शेतांत पीककापणीचे प्रयोग होतात आणि त्यांच्या आधारे गावाची पैसेवारी निघते. सारे शिवार कापून कोणी मोजत नाही. योग्य रीतीने निवडलेले थोडे तुकडे मोजले तर साऱ्या शिवाराचा अंदाज बांधता येतो, हे महसुली कामकाजाशी परिचय असणाऱ्या प्रत्येकास मान्य आहे. परंतु गावातील किती स्त्री-पुरुषांना कर्करोगाची पहिली लक्षणे ओळखता येतात, असा प्रश्न एखाद्या ग्रामसभेत उपस्थित झाला, तर उत्तरादाखल कार्यक्रमांची संख्या पुढे केली जाते. इतकी शिबिरे भरली, इतकी भित्तिपत्रके लावली, इतक्या शाळांत व्याख्याने झाली. बियाणे किती पेरले याचा हा हिशेब झाला. पीक किती आले, ते त्यात कोठेच सांगितलेले नसते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वीचे औरंगाबाद, या दृष्टीने महत्त्वाचे ठिकाण आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोग रुग्णांची नोंदणी सुरू केली आणि पुढे ती इतर शहरांत नेली. त्यांपैकी औरंगाबादची नोंदणी १९७८ साली सुरू झाली. या शहरात कर्करोगाचे रुग्ण किती, कोणत्या अवयवाचे, कोणत्या वयाचे, याची मोजदाद करण्याची परंपरा अशी जुनी आहे. २०१२ साली आमखास मैदानालगत शासकीय कर्करोग रुग्णालय उभे राहिले. घाटी रुग्णालय या नावाने सर्वपरिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ते संलग्न असून पुढे त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून रुग्ण तेथे येतात. रोग मोजला जातो, उपचार होतात. रोग होण्यापूर्वी आणि तो ओळखू येण्यापूर्वी माणसाच्या मनात त्याविषयी काय असते, हे मोजण्याचे काम त्या मानाने फार थोडे झाले आहे.

हे मोजणे आवश्यक कशासाठी? भारतात २०२२ या एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण झाले आणि ९ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यांत स्तन, मुख आणि गर्भाशयमुख या तीन अवयवांचे कर्करोग अग्रभागी आहेत. या तिन्हींचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. तिन्ही अवयव तपासण्यास सुलभ आहेत. तोंडातील चट्टा आरशात दिसतो, स्तनातील गाठ हाताला लागते, गर्भाशयमुखातील बदल प्रशिक्षित परिचारिकेला साध्या साधनांनी पाहता येतो. असे असूनही यांतील पुष्कळ रुग्ण रोग बळावल्यावर येतात. पहिले लक्षण दिसणे आणि रुग्णालयाची पायरी चढणे यांत जो काळ जातो, त्यातील काही भाग अज्ञानाचा, काही भीतीचा, काही लाजेचा आणि काही निव्वळ वाटखर्चाचा असतो. कोणत्या गावात यांपैकी कशाचा वाटा किती, हे कळल्याखेरीज जनजागृतीचा पैसा कोठे खर्च करावयाचा हे ठरविता येणार नाही.

अशा मोजणीचे एक प्रमाणित साधन ब्रिटनमध्ये २००८ च्या सुमारास तयार झाले. तेथील कर्करोग संशोधन संस्था आणि लंडनमधील दोन विद्यापीठीय संस्था यांनी मिळून ही प्रश्नावली सिद्ध केली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रथम उत्तरदात्यास मोकळा प्रश्न विचारावयाचा : कर्करोगाची कोणती लक्षणे तुम्हांस ठाऊक आहेत? तो जे सांगेल ते तसेच टिपावयाचे, त्यास काहीही सुचवावयाचे नाही. त्यानंतरच नऊ लक्षणे एकेक करून वाचून दाखवावयाची आणि प्रत्येकाविषयी विचारावयाचे की, हे कर्करोगाचे लक्षण असू शकते काय? गाठ, न थांबणारे दुखणे, अनाकलनीय रक्तस्राव, हटवादी खोकला किंवा आवाज बसणे, शौच-लघवीच्या सवयीतील बदल, गिळताना अडचण, तिळाच्या रूपातील बदल, न भरणारी जखम आणि कारणाशिवाय घटणारे वजन, अशी ती नऊ लक्षणे. धोक्याच्या कारणांविषयीही प्रश्न तिच्यात येतात, आणि सर्वांत मोलाचे दोन : असे लक्षण दिसल्यास किती दिवसांनी डॉक्टरांकडे जाल, आणि न जाण्याचे कारण काय असेल?

मोकळ्या प्रश्नाचे उत्तर आणि सुचविलेल्या प्रश्नाचे उत्तर यांत नेहमीच मोठी तफावत पडते. दाराशी आलेला, गळ्यात ओळखपत्र अडकविलेला माणूस एखादी गोष्ट विचारतो, त्या अर्थी ती खरीच असणार, असे मानून बहुतेक जण होकार देतात. हा आपल्याकडील सौजन्याचाच एक भाग आहे. परंतु मोजणीत तो अडथळा ठरतो. म्हणून अनुभवी पाहणीकार यादीत एखादे खोटे लक्षण मिसळून ठेवतात. ‘केस पिकणे हे कर्करोगाचे लक्षण आहे काय?’ या प्रश्नालाही जो मान डोलावतो, त्याच्या बाकीच्या होकारांचे वजन किती धरावयाचे, हे मग आपोआप ठरते.

ब्रिटनची प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत उतरविली तर ती मराठवाड्यात निरुपयोगी ठरेल. तिच्यातील धोक्यांच्या यादीत उन्हाने त्वचा भाजणे आहे, तांबडे मांस अधिक खाणे आहे. चुन्यात मळलेली तंबाखू नाही, मिश्री नाही, सुपारी नाही. सुपारीचा उल्लेख तर आपल्याकडील पुष्कळशा भित्तिपत्रकांतही अभावानेच आढळतो. तंबाखू वाईट हे माणसे मान्य करतात, पण सुपारी ही पूजेच्या ताम्हणातली, पाहुण्याला अगत्याने पुढे करावयाची वस्तू. तंबाखू न मिसळलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीच्या सवयीने गालाच्या आतील अस्तर ताठर होत जाते, तिखट सोसवत नाही आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखविण्याची वेळ आली, एवढी साधी खूण शाळेतील मुलालाही समजते. ती किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न येथील प्रश्नावलीत पहिल्या पाचांत असावयास हवा.

शब्दांचा प्रश्न याहून नाजूक आहे. शासकीय पत्रकांत ‘कर्करोग’ लिहितात. गावात ‘कॅन्सर’ म्हणतात, आणि पुष्कळदा तोही शब्द उच्चारत नाहीत. ‘ते’ झाले, ‘मोठा आजार’ निघाला, असे आडवळणाने बोलतात. ‘श्वेतप्रदर’ हा शब्द ऐकून एखादी स्त्री गप्प बसेल, पण ‘अंगावर पांढरे जाणे’ म्हटले की तिला नेमके कळते. ‘रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव’ असे विचारण्यापेक्षा ‘पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागले तर’ असे विचारावे. ‘व्रण’ म्हटल्यास भरलेल्या जखमेची खूण असा अर्थ घेतला जातो. विचारावयाची असते ती न भरणारी जखम. ‘तोंड येणे’ तर प्रत्येकाच्या परिचयाचे असते आणि त्यात काहीच भिण्यासारखे नसते. म्हणून ‘दोन आठवडे होऊनही न बरे होणारे तोंड येणे’ अशी मुदत प्रश्नातच घालावी लागते. शहराच्या जुन्या भागात दखनी बोलणारी वस्ती आहे. कन्नड-सोयगावच्या डोंगराळ पट्ट्यातील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. तेथे प्रश्नावली आधी त्याच बोलीतील दहा-पंधरा स्त्री-पुरुषांना वाचून दाखवून, त्यांनी काय अर्थ घेतला ते विचारून, मग छापावी. हे काम घाईचे नाही.

विचारणारा कोण, यावरही उत्तर अवलंबून असते. स्तनाविषयी वा गर्भाशयाविषयी पुरुषाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेल ही आशा व्यर्थ होय. स्त्री पाहणीकार असली, तरी सासू शेजारी बसली असेल तर सून सासूचेच उत्तर देते. तंबाखूविषयी शिक्षकाने विचारले तर विद्यार्थी तर सोडाच, पालकही खरे सांगत नाहीत.

आता जाण आणि वर्तन यांतील अंतराकडे वळावयास हवे. केंद्र शासनाच्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखूसेवन सर्वेक्षणात देशातील ९५.६ टक्के प्रौढांनी चघळण्याच्या तंबाखूने गंभीर आजार होतो, असे सांगितले. शंभरांत पंचाण्णवांहून अधिक! याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, वेष्टनांच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा छापणे २०१६ पासून बंधनकारक आहे, आणि तरीही दर चार प्रौढांत जवळपास एक जण हे सेवन करीत होता. ‘तंबाखू घातक आहे काय?’ हा प्रश्न विचारून त्यामुळे जनजागृतीचे मोजमाप होत नाही. त्यावर सर्वांचेच उत्तर बरोबर येते. प्रश्न असा असावा की, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात पहिला बदल कोणता दिसतो? पांढरा किंवा लाल चट्टा, आणि तो बहुधा दुखत नाही, हे किती जण सांगू शकतात?

दुखणे आणि रोग यांची लोकमानसात जी गाठ बसली आहे, ती या विषयातील सर्वांत घातक समजूत म्हणावी लागेल. शेतीकाम करणारा माणूस दुखले तरच दवाखान्यात जातो. दुखत नसलेल्या गोष्टीसाठी मजुरी बुडविणे त्यास परवडत नाही, आणि ते चूक आहे असेही त्याच्या दृष्टीने म्हणता येणार नाही. स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे साधीच असेल’ हा निष्कर्ष अनुभवाच्या कसोटीवर योग्य वाटतो आणि नेमका तोच जीवघेणा ठरतो. एखाद्या पाहणीत केवळ हा एकच मुद्दा नीट मोजला गेला, तरी आरोग्यशिक्षणाला दिशा मिळेल.

अर्धवट जाण अज्ञानापेक्षाही महाग पडते, याचे उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ साली राज्यभर चर्चेचा विषय झाले. आरोग्य विभागाच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्यामागे कारणे अनेक होती : फडावरील कष्ट, पाळीच्या दिवसांत न मिळणारी विश्रांती, बुडणाऱ्या दिवसाचा दंड, स्वच्छतागृहांचा अभाव. परंतु पुष्कळ स्त्रियांनी आणखी एक कारण सांगितले होते. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, अशी भीती त्यांना घालण्यात आली होती. या स्त्रियांनी कर्करोगाचे नाव ऐकले होते, गर्भाशयाशी त्याचा संबंध असतो हेही त्या जाणून होत्या. अंगावर पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या संसर्गामुळे असते, ते औषधाने बरे होते, आणि शंका असल्यास आधी तपासणी करावयाची असते, एवढे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. नुसते ‘कर्करोगाविषयी ऐकले आहे काय?’ असे विचारणाऱ्या पाहणीत या साऱ्या स्त्रिया ‘जागृत’ म्हणून गणल्या गेल्या असत्या. म्हणून प्रश्नावलीत चुकीच्या समजुतींसाठी स्वतंत्र रकाना असावा, आणि भीती किती आहे तेही विचारले जावे. कर्करोग स्पर्शाने पसरतो काय, सुईने तपासणी केल्यास तो वाढतो काय, झाला म्हणजे मरण ठरलेलेच काय, या तीन प्रश्नांची उत्तरे गावाच्या मनाविषयी लक्षणांच्या यादीपेक्षा अधिक सांगतात.

जाण वाढल्याने खरोखरच काही पदरात पडते काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मराठवाड्याच्या सीमेवरच मिळाले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत येतात. शहरातील नोंदणीकार रुग्णालयांत जाऊन नोंदवह्या पाहतो. खेड्यात ते शक्य नव्हते, कारण पुष्कळ रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊ लागले, सरपंच, शिक्षक, दाई, दुकानदार यांना भेटू लागले, आणि रुग्ण शोधता शोधता लक्षणे समजावून सांगू लागले. संशयित रुग्णाला तपासणीसाठी रुग्णालयात आणण्याची व्यवस्थाही हळूहळू जमून आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात प्राथमिक अवस्थेतच निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण या भागात वाढले, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात संशोधकांनी दाखवून दिले. रुग्ण अधिक काळ जगू लागल्याचे १९९८ च्या निबंधात नोंदले आहे. या कामात मोठे यंत्र नव्हते. मुख्यतः संभाषण होते.

त्या अनुभवातून मोजणीची एक वेगळीच पद्धत हाती येते. लोकांना काय ठाऊक आहे हे त्यांना विचारून कळते, त्याचप्रमाणे ते कोणत्या अवस्थेत रुग्णालयात येतात यावरूनही कळते. एखाद्या तालुक्यातून येणाऱ्या स्तन-कर्करोगाच्या रुग्णांत पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतील किती आणि तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील किती, हे प्रमाण वर्षानुवर्षे लिहिले गेले, तर त्या तालुक्यातील जनजागृतीचा तो सर्वांत विश्वासार्ह आलेख ठरेल. तोंडी उत्तरात सौजन्य मिसळते. गाठीच्या आकारात ते मिसळत नाही.

अर्थात जाणीव एकटी पुरी पडत नाही. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेली चाचणी जगभर गाजली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी केवळ एकदा झाली, त्या गटात या रोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्म्यावर आले. मराठवाड्यातील शेतकरी-शेतमजूर स्त्रियांनी जगाला दिलेले हे ज्ञान आहे, आणि त्याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांत अशी तपासणी कधी तरी झालेल्यांचे प्रमाण अवघे १.९ टक्के होते. म्हणून प्रश्नावलीत ‘तपासणी कोठे होते, ठाऊक आहे काय?’ आणि ‘महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार मोफत मिळतात, हे ठाऊक आहे काय?’ हे दोन प्रश्न लक्षणांइतकेच महत्त्वाचे मानावेत. खर्चाच्या भीतीने घरी बसलेल्यास लक्षणांची यादी तोंडपाठ असून उपयोग काय?

आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता भरते, त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज होतो. त्या तक्त्यात तंबाखू, मद्य, कमरेचा घेर यांविषयी प्रश्न असतात. तोंडातील जखम, स्तनातील गाठ, अंगावर जाणे यांविषयीही असतात. तो तक्ता माणसाला लक्षण आहे काय हे विचारतो. ते लक्षण आहे हे त्याला समजते काय, असे विचारत नाही. दोन्ही कामे एकाच फेरीत व्हावयाची असतील, तर जाणिवेचे प्रश्न आधी विचारावेत. तक्ता आधी भरला तर उत्तरे त्यातूनच सुचतात.

तालुका पातळीवर अशी पाहणी अवघड नाही. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे घेऊन सुमारे ४०० जणांना विचारले, तर आलेली टक्केवारी साधारण पाच टक्क्यांच्या फरकाने संपूर्ण तालुक्याला लागू धरता येते. शंभरच जणांना विचारले तर हा फरक दहा टक्क्यांपर्यंत जातो. ग्रामपंचायतीसमोर जमलेल्यांना विचारून मात्र भागणार नाही. तेथे येणारे बहुतेक पुरुष असतात, आणि ज्यांना कमी ठाऊक असते तेच घरी असतात. मोहिमेपूर्वी एकदा आणि मोहिमेनंतर वर्षाने पुन्हा, तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारावेत. मोहीम न झालेल्या एखाद्या गावातही दोन्ही वेळा विचारावे, म्हणजे वाढ मोहिमेमुळे झाली की दूरदर्शन-मोबाइलमुळे, याचा उलगडा होईल. त्या गावात मोहीम नंतर न्यावयाची असते, हे सांगावयास नकोच.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावयास हवे. प्रश्न विचारून झाल्यावर बरोबर उत्तरे सांगितल्याखेरीज पाहणीकाराने उंबरा ओलांडू नये. प्रश्न ऐकता ऐकता एखादी स्त्री ‘मला अशी गाठ आहे’ असे हळूच सांगते, असे पाहणीत घडू शकते. अशा वेळी कागद बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून गरजेप्रमाणे घाटी किंवा कर्करोग रुग्णालयात पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हे पाहणी सुरू होण्यापूर्वी नावानिशी लिहून ठेवावे.

पाहणीचा हंगामही विचारपूर्वक निवडावा लागतो. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना आणि आसपासच्या भागांतील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिवाळ्यात पाहणी केली तर यादीत नाव असलेल्या घरांना कुलूप आढळते, आणि पाहणीकार शेजारच्या उघड्या घरात जाऊन संख्या पुरी करतो. असे झाल्यास ज्यांना ही माहिती सर्वांत कमी मिळते आणि जिची सर्वाधिक गरज असते, तीच माणसे मोजणीतून गळतात. पोळ्याच्या आगेमागे, पावसाची उघडीप मिळताच, गावात सगळे असताना ही फेरी पुरी करावी, आणि कुलूप आढळलेल्या घरांपुढे तशी खूण करून तेथे पुन्हा जावे.